माझं कानाचं मशीन स्वतःच्या कानाला लावून पाहणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण पत्र उघडच लिहितेय. गेल्या मंगळवारपासून भेटेल त्याला मी तुझ्याबद्दल सांगत सुटलेय, आणि नेमकं तुलाच सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी तुझ्या कान तपासायच्या खोलीतून बाहेर पडताना घसा इतका दाटून आला होता की साधं ‘थँक्यू’सुद्धा तोंडातून निघालं नाही.

सुरुवात त्या बिल्ल्यापासून झाली. मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तू विचारलंस, हे काळे-पांढरे चौकोन कसले, तुम्ही बुद्धिबळ खेळता का? तीन वर्षांत कानासाठी मी चार जणांसमोर बसले. बिल्ला प्रत्येक वेळी याच कोटावर होता. एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत हे माझं दुःखच नव्हतं.

माझी गाणी गेली होती, ते दुःख होतं.

तुला सांगताना मी फार घाईत बोलले, म्हणून इथं जरा सावकाश लिहिते. आम्ही सांगलीहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा मोटारींच्या कारखान्यात. 1979 साली मी चौदाची झाले आणि त्याच वर्षी याच गावात जेरी डॅमर्स नावाच्या तरुणानं ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. बिल्ल्यावरचे काळे-पांढरे चौकोन ही तिचीच खूण. त्याचा बँड ‘द स्पेशल्स’. त्यातले लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेले, बाकीचे गोरे. डॅमर्सचा स्वतःचा जन्म आपल्या उटीचा, वडील पाद्री. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाबांना सांगितलं तर ते इतके खूश झाले, जणू तो आमच्या नात्यातलाच निघाला!

त्या आधी पंक होतंच, म्हणजे ते रागानं ओरडून गायचं रॉक. ‘एक्स-रे स्पेक्स’ या बँडची गायिका पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई गोरी, स्वतः दातांना तारा लावलेली, आणि गळा फाटेस्तोवर गाणारी. माझ्याही दातांना तारा होत्या. वर्गात मी तोंड मिटून हसायचे. तिला टीव्हीवर पाहिलं आणि ते बंद झालं. पंकमधला तो राग आणि जमैकाच्या ‘स्का’ नावाच्या नाचाच्या संगीताचा ठेका आमच्या गावच्या पोरांनी एकत्र केला.

ठेक्याचं तुला टेबलावर वाजवून दाखवलं होतं, आठवतंय? एक-आणि-दोन-आणि असं मोजायचं, आणि गिटार वाजते ती त्या ‘आणि’वर. जमैकात 1960च्या आसपास हे सुरू झालं. आई म्हणायची, हा ठेका उलटा चालतो गं. पण कणीक मळताना तिची मूठ बरोबर त्या ‘आणि’वरच पडायची.

ही नुसती नाचायची गाणी नव्हती. शाळेतून घरी येताना आमच्या अंगावर लोक थुंकायचे. 1981च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीत एका शीख विद्यार्थ्याला भरदिवसा भोसकून मारलं. त्या जूनमध्ये स्पेशल्सनी बट्स स्टेडियमवर वंशद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. बाबा मला आणि भावाला घेऊन गेले. तोवर त्यांची नोकरी गेली होती. कारखान्यानं निरोपाचा एक शब्दही न बोलता माणसं कमी केली होती, तरी खिशातले पैसे मोजून त्यांनी तिकिटं काढली. गर्दीत आमच्यासारख्या रंगाची माणसं होती, गोरी होती, काळी होती, आणि त्या संध्याकाळी मला मागे वळून पाहावंसं वाटलं नाही. बिल्ला तिथलाच. पिन गंजलीय, दोनदा बदलून घेतली.

त्याच उन्हाळ्यात ‘घोस्ट टाउन’ आलं आणि तीन आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर राहिलं. बंद पडलेली दुकानं, काम नसलेली पोरं, शहरांमधून उसळलेल्या दंगली, सगळं त्या एका गाण्यात. त्यात रिको रॉड्रिग्ज यांचा ट्रॉम्बोन आहे. ते मूळचे जुन्या जमैकन स्काच्या पिढीतले, किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये नन्सच्या देखरेखीखाली वाजवायला शिकलेले. पोरांच्या बँडमध्ये हे वयानं मोठे गृहस्थ येऊन वाजवायचे. तो ट्रॉम्बोन ऐकताना मला नेहमी कुणीतरी वडीलधारं माणूस दमून दारात बसलंय असं वाटतं.

2022च्या डिसेंबरात स्पेशल्सचा गायक टेरी हॉल गेला. त्या रात्री मी ‘घोस्ट टाउन’ची ती छोटी रेकॉर्ड लावली. कानात नवी कोरी मशीनं होती, फार महागाची. टेरीचा आवाज आला, पण ट्रॉम्बोनच्या जागी काहीतरी थरथरत, गुळण्या केल्यासारखं वाजत होतं. ऑर्गन मध्येच बुडायचा आणि वर यायचा. गिटारचा तो ‘आणि’ तर गायबच. मी सुई उचलली आणि पुन्हा ठेवली. चार वेळा. मग रेकॉर्ड पाकिटात घातली ती तीन वर्षं काढली नाही.

मशीन विकणाऱ्या दुकानात गेले तर म्हणाले, हे बोलणं ऐकू येण्यासाठी असतं, गाणी हा वरचा फायदा समजा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, सवय होईल. तिसऱ्या ठिकाणी त्या गृहस्थानं संगणकावरून नजर न उचलता विचारलं, या वयात जरा शांत संगीत का ऐकत नाही? मला भांडायचं होतं गं. पण बहिरं माणूस भांडताना आपोआप मोठ्यानं बोलतं, आणि मग सगळे त्याला समजूत घातल्यासारखं बोलायला लागतात. मी गप्प बसून घरी आले. चौथ्या ठिकाणाबद्दल लिहायचीही इच्छा नाही.

आणि मग तू.

तू विचारलंस, कोणतं गाणं? तुझ्या फोनवर तेच शोधलंस. मला वाटलं, आता मला ऐकवेल आणि विचारेल, कसं वाटतंय. त्याऐवजी तू माझ्या कानातलं मशीन काढून घेतलंस, पुसलंस, आणि खणातून ती रबरी नळी काढलीस, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी दिसणारी. मशीन बिघडलंय का ते तपासायला तुम्ही ती वापरता, हे मला माहीत होतं. बाकीचे दोन सेकंद कानाला लावून ‘ठीक आहे’ म्हणायचे. तू ती कानात घातलीस, गाणं सुरू केलंस आणि शेवटपर्यंत ऐकलंस. पूर्ण गाणं. दाराबाहेर माणसं थांबली होती, तरी घड्याळाकडे पाहिलं नाहीस. मी मशीनशिवाय बसले होते, मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त तुझा चेहरा पाहत होते. ट्रॉम्बोन सुरू झाला असेल त्या जागी तुझ्या कपाळाला आठी पडली आणि तुझे ओठ हलले. ते ओठ मी वाचले.

‘अगं बाई!’

दीड महिन्यात तीनदा भेटूनही आपण एकमेकींशी इंग्रजीतच बोलत होतो. तू सोलापूरची, हे मला त्या क्षणी कळलं. मशीन परत माझ्या कानात बसवून तू मराठीतच म्हणालीस, “मावशी, हे तर कुणीतरी पाण्याखालून वाजवतंय.”

माझी रडू आवरायची धडपड तुला दिसलीच असेल. तीन वर्षं मी जे ऐकत होते ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तोवर मला शंका यायला लागली होती की आपणच उगाच कुरकुर करतोय.

पुढे तू काय काय बदललंस ते मला सगळं समजलं नाही. एवढं लक्षात राहिलं की लांबवलेला सूर आला की मशीनला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर मारायला धावतं. एकसारखा ऑर्गन वाजला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटतो. तू त्याची ही राखणदारी गाण्यापुरती बंद केलीस आणि त्यासाठी वेगळं बटण ठेवलंस. कान काही पूर्वीचे होणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलंस. खोटी आशा लावली नाहीस, त्याचेही आभार.

बाबा म्हणायचे, चांगला कारागीर आपल्या हातचं गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघतो. त्यांनी जोडलेल्या गाडीत ते मागच्या सीटवर बसून बघायचे म्हणे, गुडघे लागतात का ते. असं करणारी माणसं मला आयुष्यात थोडी भेटली. शाळेतल्या एक इंग्रजीच्या बाई होत्या. आमच्या घरावर दगड आले त्या रात्री काही न विचारता आमच्या पायरीवर येऊन बसलेले समोरचे जमैकन आजोबा होते. तुझं नाव मी मनात त्यांच्या शेजारी ठेवलंय.

मंगळवारी घरी आले, कोटसुद्धा काढला नाही. रेकॉर्ड काढली, पुसली, सुई ठेवली. आधी तो वाऱ्यासारखा आवाज, मग ऑर्गन, सरळ, न बुडता. गिटारचा ‘आणि’ बारीक आहे, पण आहे. मग रिको आले. त्यांनी सूर लांबवला आणि तो तसाच लांबत राहिला, मध्ये कुठंही न तुटता. त्यांनी श्वास घेतला तेव्हाच थांबला.

आता एक काम आहे तुझ्याकडे. ‘द सिलेक्टर’ या टू टोनच्याच दुसऱ्या बँडची पहिली एलपी माझ्याकडे दोन प्रतींत आहे, 1980ची. त्यांची गायिका पॉलीन ब्लॅक बँडमध्ये येण्याआधी याच गावात हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. पुरुषी सूट आणि हॅट घालून ती स्टेजवर उभी राहायची तेव्हा माझ्या वयाच्या किती मुलींची पाठ ताठ झाली असेल! त्यातली एक प्रत तुझी. तुमच्या नियमांत रुग्णाकडून भेट घेता येत नसेल तर घरी ये आणि इथं बसून ऐक. शेंगाची चटणी तेवढी घेऊन ये, इथं मिळते तिला सोलापूरची चव नाही.

तुझी,
बिल्लेवाली मावशी