एका वॉर्डातले चार पगार

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र वाचलं, सरकारी नोकरांना पेन्शन देऊन देऊन तिजोरी खाली झाली, आणि दवाखान्यातल्या लोकांना तर कामच नसतं तरी पगार चालू, अशा अर्थाचं. वाचता वाचता चहा गार झाला. मी स्वतः पेन्शन घेते त्यामुळे माझं बोलणं काही जणांना पचणार नाही, पण तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, आधी स्टाफ नर्स आणि शेवटी इनचार्ज सिस्टर, २०१९ ला अठ्ठावन्न पूर्ण झाले आणि रिटायर झाले, म्हणून थोडं लिहायचा हक्क आहे असं समजते.

आधी माझंच सांगते. मला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या पगाराच्या बेसिकची निम्मी, त्यावर महागाई भत्ता, आणि मी गेले तर मिस्टरांना फॅमिली पेन्शन. यासाठी माझ्या पगारातून एक पैसा कापला गेला नाही, जीपीएफ कापायचे तो माझाच होता, परत मिळाला. म्हणजे चांगलं चाललंय, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला सेवापुस्तकात १९९४ च्या एका रजेची नोंद सापडत नव्हती म्हणून सात महिने कागद इकडून तिकडे फिरला, ज्या बाबूने नोंद करायची तो कधीचाच रिटायर होऊन गेलेला, पण शेवटी झालं. आता नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते, बस.

पण शेवटची काही वर्षं मी ज्या युनिटमध्ये होते (दवाखान्याचं नाव घेत नाही, नागपुरातलाच आहे) तिथलं सांगते. नवजात बाळांचं युनिट, ज्याला आपण एसएनसीयू म्हणतो. पावणेदोन किलोचं बाळ, बाराशे ग्रॅमचं बाळ, कोणी भंडाऱ्याहून, कोणी गडचिरोलीहून, कोणी पार बालाघाट-छिंदवाड्याहून आणलेलं. नाईटला आम्ही चार जण. मी, कायम. माझी ज्युनिअर, २००८ ची भरती, तीही कायम, पण तिला जुनी पेन्शन नाही. तिसरी एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी मुलगी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, ती ऑर्डर दरवर्षी रिन्यू होते तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो. आणि चौथा वॉर्डबॉय, तो एजन्सीचा. चौघांचं जागरण सारखं, बाळ निळं पडलं की धावणं सारखं, इन्फेक्शनची भीती सारखी. मात्र चौघांचे पगार चार तऱ्हेचे आणि म्हातारपणं पण चार तऱ्हेची.

कायम स्टाफ नर्सचं बेसिकच ३५,४०० पासून सुरू होतं, वर डीए, घरभाडं वेगळं. एनएचएमच्या मुलीला त्याच कामाचे वीस हजार, कोणत्या पोस्टला थोडे कमी थोडे जास्त. ज्युनिअर नव्या पेन्शन योजनेतली, तिच्या पगारातून बेसिक आणि डीएचे दहा टक्के कापतात, सरकार त्याचे चौदा टक्के टाकते, पैसे बाजारात जातात, आणि रिटायर झाल्यावर साठ टक्के हातात आणि चाळीस टक्क्यांची पेन्शन विकत घ्यायची, ती किती बसेल हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हतं. वॉर्डबॉयचा पीएफ कापतात म्हणे, पण एजन्सी बदलली की नवा नंबर, जुन्याचे पैसे कुठे अडकले ते शोधायला तो माझ्याकडे मोबाईल घेऊन यायचा, "सिस्टर, हे युएएन का काय ते पाहून द्या ना जी". समजा सगळं नीट जुळलं आणि दहा वर्षं भरली तर त्याला ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन मिळेल, तिची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये महिना आहे. हजार रुपयात आज गॅस सिलेंडर आणि वर थोडा भाजीपाला, संपला महिना.

एकदा त्या एनएचएमच्या मुलीला रात्री सुई टोचली. बाळाच्या आईचा एचआयव्हीचा रिपोर्ट यायचा होता. अशा वेळी औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, ते तिला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोळ्यांनी उलट्या सुरू झाल्या, तीन दिवस घरी राहिली, आणि महिनाअखेरीला तीन दिवसांचे पैसे कापून आले. रजा शिल्लक नव्हती असं उत्तर मिळालं. हेच मला झालं असतं तर मी मेडिकल रजा टाकली असती आणि पूर्ण पगार घेतला असता. ती काही बोलली नाही, बोलली असती तर जूनमध्ये ऑर्डर आली असती का हा प्रश्न.

भंडाऱ्याचं सगळ्यांना आठवत असेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या एसएनसीयूला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचली. आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्या दिवशी आमच्या युनिटच्या सगळ्या जणी एकमेकींना फोन करून रडत होत्या, मी रिटायर होते तरी मलाही फोन. नंतर कारवाई झाली. कायम असलेल्यांचं निलंबन आणि कंत्राटी असलेल्यांची सेवाच समाप्त. चूक कोणाची किती ते मी ठरवणार नाही, ते माझं काम नाही आणि ज्या आईवडिलांची बाळं गेली त्यांच्यासमोर या गोष्टी बोलायला जीभ पण धजत नाही. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, चौकशीत बाजू मांडता येते, आणि दुसऱ्याचं मात्र एका कागदावर संपतं.

आता थोडा इतिहास, कारण पत्र लिहिणाऱ्या भाऊंनी "हे पूर्वीपासून चालत आलंय" असं लिहिलंय. तसं नाही. २००५ साल आठवा. १२ एप्रिल २००५ ला केंद्राने ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं, त्यातूनच आशा सेविका आल्या, कंत्राटी नर्सेस, कंत्राटी लॅब टेक्निशियन, कंत्राटी फार्मासिस्ट सगळे आले, पुढे त्याचंच एनएचएम झालं. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्याने नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. एकाच वर्षात दोन गोष्टी, काम वाढवलं आणि म्हातारपण काढून घेतलं. त्यात पण गंमत बघा, माझ्या ओळखीची एक एलएचव्ही (आरोग्य सहायिका), तिची जाहिरात १ नोव्हेंबरच्या आधीची, पण निकाल, कागदपत्रं, पोस्टिंग यात महिने गेले आणि जॉइनिंग पडलं नंतर. अठरा वर्षं ती त्या तारखेला शिव्या देत होती. अशा लोकांना जुन्या पेन्शनचा ऑप्शन द्यायचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये झाला, राज्यभरात सव्वीस हजारांच्या आसपास लोक होते म्हणतात. तिने पेढे वाटले. तिच्यानंतर दोनच वर्षांनी लागलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने पेढा खाल्ला आणि गप्प बसली.

तिजोरीचं म्हणाल तर तो मुद्दा मला कळत नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये इथंच, आपल्या नागपूरच्या अधिवेशनात, तेव्हाचे अर्थमंत्री फडणवीस साहेबांनी सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, देता येणार नाही. मग मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला, समिती बसली, आणि पुढे सरकारने स्वतःच निम्म्या पगाराइतक्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना आणली. म्हणजे बसून हिशोब केला की काहीतरी मार्ग निघतो. ३१ मार्च २०२३ च्या जीआरने नव्या योजनेतल्यांना ग्रॅच्युइटी आणि फॅमिली पेन्शन पण मिळाली, त्याआधी ड्युटीवर कोणी गेलं तर घरच्यांच्या हाती काय पडायचं ते मी जवळून पाहिलंय, लिहवत नाही.

पण इथे आमचीही चूक आहे, आणि हे लिहिलं म्हणून माझ्या युनियनच्या मैत्रिणी रागावतील, रागावू द्या. यशवंत स्टेडियमपासून पेन्शनचा मोर्चा निघायचा तेव्हा आम्ही सगळ्या टोप्या घालून "एकच मिशन जुनी पेन्शन" ओरडत जायचो, मी रिटायर झाल्यावर पण गेले. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला पोलीस अडवायचे, तिथे बसून संत्री सोलायची, घोषणा द्यायच्या. आणि त्याच अधिवेशनात दुसऱ्या दिवशी आशांचा नाहीतर कंत्राटींचा मोर्चा यायचा, त्यात आमच्यातली एकही नाही. कंत्राटी मुलगी आमच्याच वॉर्डात आमच्या नाईट करायची, आमचे संप असले की तीच वॉर्ड सांभाळायची, आणि तिच्या संपाला आम्ही "अगं तुमचं वेगळं असतं" म्हणून मोकळ्या. १४ मार्च २०२४ चा जीआर निघाला, दहा वर्षं झालेल्यांना टप्प्याटप्प्याने सामावून घेऊ असा, त्यासाठीही त्यांना आधी संप करावा लागला, आणि मग तो जीआर लागू करा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये परत संप. जीआर लागू करायला संप, असं कुठे असतं बाप्पा!

आशांचं तर बोलायलाच नको. त्यांना पगार म्हणतच नाहीत, मानधन म्हणतात, आणि कर्मचारी पण नाही म्हणत, स्वयंसेविका. बाळ जन्मल्यावर ४२ दिवसांत घरी सहा भेटी द्यायच्या, वजन करायचं, नाळ पाहायची, ताप मोजायचा, त्याचे सगळे मिळून अडीचशे रुपये. एका भेटीचे चाळीस-बेचाळीस रुपये पडले, आमच्या मानेवाड्याहून ऑटोने बर्डीला जाऊन येण्यात त्याहून जास्त लागतात. २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसून बसून पाच हजारांची वाढ मिळवली त्यांनी, चांगलं झालं, पण ती मिळते कधी? आमच्या वस्तीतली आशा सांगते, दोन दोन महिने बिल अडकतं, किराणावाला आता उधार देत नाही. पेन्शन हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

माझं म्हणणं एवढंच की कापायच्या आधी पत्रलेखक भाऊंनी नेमकं कोणाचं कापायचं ते सांगावं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने शिकवणाऱ्या दवाखान्यात साध्या वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स पाहिजे आणि आयसीयूला एकामागे एक, आम्ही बारा वॉर्मरवर (बाळांना ऊब देणाऱ्या खाटांवर) तिघी होतो आणि त्या रात्रीला आम्ही स्टाफ चांगला आहे म्हणायचो. रिकाम्या जागा कायम भरा, तोवर जे काम करतात त्यांना कामाचा पगार द्या, आशांचं बिल महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्या, आणि एजन्सीच्या पोरांचा पीएफ खरंच भरला जातो का ते दवाखान्यानेच दर महिन्याला तपासावं, बिल पास करायच्या आधी. यात लाखो कोटी लागणारं काही नाही, शेवटच्या दोन गोष्टींना तर नवा पैसा पण लागत नाही.

पत्र लांबलं हे माहीत आहे, मिस्टर म्हणाले छापणार नाहीत. जागा कमी असेल तर वरचा माझ्या पेन्शनचा आणि सेवापुस्तकाचा भाग कापा, चालेल. आशांच्या अडीचशे रुपयांचा कापू नका.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
मानेवाडा, नागपूर