हरवलेल्या चित्राची कादंबरी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुहास,

तुझ्या रहस्यकादंबरीची पहिली प्रकरणं काल रात्री एका बैठकीत वाचून काढली. मर्दा, पकड जबरदस्त आहे! पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांचं कोटितीर्थ तळ्याचं जलरंगचित्र सापडतं, तिथं तर मी उठूनच बसलो. त्यांची कितीतरी चित्रं गेली ती गेलीच, म्हणून हे खरंच घडू शकेल असं वाटतं.

पण तुझा इनामदार ते चित्र लंडनच्या लिलावात राजरोस विकतो, हे काही पटलं नाही. चोरी एकवेळ जमते, माल खपवताना माणूस सापडतो. पेरुजा नावाच्या इटालियन कामगारानं १९११ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा पळवली, दोन वर्षं दडवली आणि फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याला विकायला गेला तिथं पकडला गेला. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १९९० साली १३ कलाकृती गेल्या. एक कोटी डॉलरचं बक्षीस लावूनही एकीचा पत्ता नाही.

शिवाय आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांवरचं चित्र खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. म्हणजे इनामदाराला काय करावं लागेल बघ: अस्सल आबालाल ही कालपरवाची नक्कल आहे, असा दाखला मिळवावा लागेल. सगळे खोट्याला खरं ठरवतात, ह्याला खऱ्याला खोटं ठरवायचंय! त्यासाठी जाणकार फोडायचा, आणि ज्यानं ते चित्र आधी पाहिलंय त्याचं तोंड बंद करायचं. तुझा खून इथं पडायला हवा, वाड्यात नव्हे.

आणि उलगडा फ्रेमवाल्याकडून होऊ दे. जलरंग उजेडानं उडतात. चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट असते ना, माउंट, तिच्या कडेखाली मात्र उजेड पोचत नाही, तिथली बोटभर पट्टी टवटवीत राहते. फ्रेमवाला मागचे गंजलेले खिळे काढतो, माउंट उचलतो, आणि तळ्याचं पाणी मध्ये फिकट राखाडी, कडेला गर्द निळं. कालपरवाच्या नकलेला असा डाग कुठून येणार? दाखला खोटा, हे त्याला तिथंच कळतं. आता त्याचाही जीव धोक्यात.

लिहिण्याआधी टाउन हॉल संग्रहालयात जाऊन आबालालांची चित्रं पुन्हा जवळून बघ. एवढा मोठा चित्रकार आपल्याच गावात किती जणांना ठाऊक आहे रे? तुझी कादंबरी वाचून चार पोरं जरी तिथं गेली, तरी मला फार आनंद होईल.

पुढची प्रकरणं झाली की लगेच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय