दावा तसाच राहतो, माणूस मात्र तुटतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१९७८ साली नागपुरातून एकत्र दहावी झालेल्या आम्हा वर्गमित्रांचा व्हॉट्सॲपवर बासष्ट जणांचा एक गट आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या संध्याकाळी गटावर आनंदाला उधाण आले होते. त्याच भरात आमच्या एका मित्राने लिहिले की, चंद्रावर खरोखर पोहोचलो ते आपणच. अमेरिकेने १९६९ साली जगाला दाखवले ते स्टुडिओत चित्रित केलेले होते. पुढच्या पाऊण तासात शंभराहून अधिक संदेश येऊन पडले. त्यांतले चंद्राविषयीचे किती, हे मी नंतर मोजले, तेव्हा ते सात भरले. बाकी सगळे त्या मित्राविषयी होते: त्याचे शिक्षण, त्याचा धंदा, तो कोणत्या पक्षाला मत देतो, वयोमानाने त्याची बुद्धी कशी चळली आहे. मी तेहतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, आणि त्या शंभरांत सर्वांत जिव्हारी लागणारा संदेश माझा होता. मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याने चंद्राच्या भानगडीत पडू नये, असे मी लिहिले. रात्री साडेदहाला तो गटातून बाहेर पडला. त्या रात्रीनंतर अशी भांडणे मी लक्ष देऊन वाचू लागलो आणि त्यांतून जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

कट-कारस्थानांविषयीच्या वादाची एक अडचण इतर वादांना नसते. महापालिकेच्या पाणीपट्टीवर दोघे भांडले, तर बिल समोर ठेवून भांडण मिटवता येते. पण "हे सगळे घडवून आणलेले आहे" असे ज्याचे म्हणणे आहे, त्याच्यापुढे कागद ठेवला की तो कागदही घडवून आणलेलाच ठरतो, आणि कागद आणणारा त्या घडवणाऱ्यांचा माणूस ठरतो. म्हणजे पुरावा देणाऱ्याला कटात ओढण्याची सोय त्या सिद्धान्तातच आधीपासून करून ठेवलेली असते. "तुला किती पाकीट मिळाले?" हा प्रश्न तिथे संतापून विचारलेला नसतो, त्या विचारसरणीचा तो पुढचा टप्पाच असतो. हे ओळखले नाही की पुरावा देणारा बिथरतो आणि मग "व्हॉट्सॲप विद्यापीठाचे पदवीधर", "अंधभक्त", "गुलाम", "देशद्रोही" अशी हाताशी असलेली सगळी शस्त्रे बाहेर निघतात. शंका घेणाऱ्याला तोवर फक्त संशय असतो की यांच्याजवळ उत्तर नाही. शिवी ऐकली की त्याची खात्री पटते. आपण त्याला हरवले असे आपल्याला वाटते, आणि तो आपल्या म्हणण्याला आणखी एक पुरावा मिळाला म्हणून निघून जातो, तोही अशा गटात, जिथे सगळेच त्याच्यासारखे बोलतात आणि उलट प्रश्न विचारणारा एकही जण नसतो.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढायचे ती वितंडा. "वितंडवाद" हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याच परंपरेतली पूर्वपक्षाची शिस्त मात्र विसरलो आहोत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा रीतीने आधी मांडायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे, ही ती शिस्त. आमच्या गटावरच्या त्या शंभर संदेशांत पूर्वपक्ष मांडणारा एकही संदेश नव्हता. त्याला नेमके काय खटकते आहे, हे बासष्टपैकी एकानेही विचारले नाही.

मी ते विचारले, पण आठवडा उलटून गेल्यावर, नागपुरातल्या महाल भागातल्या त्याच्या घरी जाऊन. त्याने चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "पंपवाला म्हटलं त्याचं मले काही वाटलं नाही. पंपवालाच आहो मी. पण फोटोत तारे काऊन नाही, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर कोणीच नाही देल्लं." मी फोन काढून पाहिले. खरोखरच त्याने विचारले होते, तिसऱ्याच संदेशात.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. पंधरा वर्षांपूर्वी त्याने आपली सगळी पुंजी एका पतसंस्थेत ठेवली होती. संस्था अडचणीत असल्याची कुजबुज सुरू झाली, तेव्हा संचालकांनी ठेवीदारांची सभा बोलावून अफवांवर विश्वास ठेवू नका असे बजावले, आणि चार शिकलेल्या माणसांनीही त्याची तीच समजूत घातली. महिनाभराच्या आत संस्थेच्या दाराला कुलूप लागले. ठेवीतला फार थोडा भाग त्याला परत मिळाला, तोही कित्येक वर्षे हेलपाटे घातल्यावर. ज्याला "अफवा" या एका शब्दाने लुबाडले, तो माणूस पुन्हा तोच शब्द ऐकल्यावर मुकाट्याने मान डोलावील, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्याचा चंद्राविषयीचा दावा चुकीचाच आहे. पण त्याचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही, आणि त्याच्या अकलेवर बोट ठेवणाऱ्या आम्हा कोणालाही हे ठाऊक नव्हते.

ताऱ्यांचा प्रश्न आम्ही त्याच्या गच्चीवर सोडवला. तिथे पाण्याची पांढरी टाकी आहे आणि तिच्यावर ट्यूबलाइट. पावसाने उघडीप दिली होती आणि दिव्याला हाताने आडोसा करून वर पाहिले की दहा-बारा तारे स्पष्ट दिसत होते. त्याने मोबाइलने टाकीचा फोटो काढला. टाकीवरची अक्षरेसुद्धा वाचता येत होती आणि मागचे आकाश काळेठिक्कर, त्यात एकही तारा नाही. मग दिवा बंद करून, फोन कठड्याला टेकवून, कॅमेऱ्यात जास्त वेळ प्रकाश येऊ देणारा फोटो काढला. त्यात तारे आले. दिवा लावून तेवढ्याच वेळेचा फोटो घेतला, तेव्हा टाकी नुसता पांढरा डाग होऊन बसली. चंद्रावर उतरलेल्यांनी फोटो काढले ते भर दिवसा, उन्हाने उजळलेल्या जमिनीचे आणि पांढऱ्या पोशाखांचे. त्या बेताने ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारे उमटणे शक्यच नव्हते. त्याने तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "तारे पटले बे. झेंडा बाकी आहे." चंद्रावर हवा नाही, मग तिथला झेंडा फडकताना कसा दिसतो, ही त्याची दुसरी शंका होती.

तेहतीस वर्षांत माझ्या वर्गातून इतके प्रामाणिक वाक्य मी क्वचितच ऐकले असेल. बाकीचे पुरावे त्याने ऐकून घेतले, पण ते सांगण्याची वेळ ताऱ्यांनंतर आली, आधी नाही. १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांमधून बारा माणसे चंद्रावर चालली आणि त्यांनी सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली, जिचा अभ्यास अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी केला. अपोलो ११, १४ आणि १५ यांनी ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडून आजही अंतर मोजतात, आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतो आहे हे त्यातूनच कळते. २००९ साली गेलेल्या अमेरिकेच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने त्या जागांची छायाचित्रे घेतली. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही अपोलो ११ ची जागा टिपली आहे, आणि माझ्या मित्राला सर्वांत वजनदार वाटला तो हा शेवटचा मुद्दा. इस्रोवर त्याचा विश्वास आहे. ज्याच्यावर समोरच्याचा विश्वास आहे असा साक्षीदार शोधावा लागतो, हे वकिलाला कळते, आम्हा शिक्षकांना उशिरा कळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कटाचा संशय घेणे हा काही आजार नाही. सरकारे आणि संस्था खरोखर कट करतात आणि ते उघडकीस आल्याचा इतिहास आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस या लैंगिक आजारावर पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते न देता सरकारी आरोग्य खात्याने त्यांच्यावर नुसती नजर ठेवली. विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या वॉटरगेट प्रकरणी तिथले अध्यक्ष निक्सन यांना १९७४ साली पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या अखेरीचा प्रश्न घ्या. १८ ऑगस्ट १९४५ च्या तैवानमधील विमान अपघाताविषयी १९५६ साली शाहनवाझ समिती, १९७० साली खोसला आयोग आणि १९९९ साली न्यायमूर्ती मुखर्जी आयोग नेमला गेला. पहिल्या दोहोंनी अपघातात मृत्यू झाल्याचे मान्य केले, तिसऱ्याने ते नाकारले आणि सरकारने तिसऱ्याचा निष्कर्ष फेटाळला. अशा विषयावर शंका काढणाऱ्याला वेड्यात काढण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? या साऱ्या प्रकरणांत जे काही बाहेर आले ते कागदपत्रे, साक्षी आणि चिकाटीच्या चौकशीतून आले. एकमेकांची जात, धंदा आणि शिक्षण काढून त्यातली एक ओळही उजेडात आलेली नाही.

सगळ्याच दाव्यांना इतकी सबुरी देता येत नाही, हेही मला मान्य आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. तसा संदेश गटावर आला तर पूर्वपक्ष मांडत बसू नये. पोलिसांना फोन करावा आणि संदेश तिथल्या तिथे थांबवावा. एखाद्या समाजालाच कारस्थानी ठरवणारा सिद्धान्त तर मुळातच लाखो माणसांवरचा व्यक्तिगत हल्ला असतो, आणि त्याला ठाम शब्दांत नकार दिलाच पाहिजे. पण तिथेही शिवी उपयोगी पडत नाही, नेमकी माहिती उपयोगी पडते. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक ५जी मनोऱ्यांच्या चाचण्यांमुळे मरत आहेत, असा संदेश फिरला. तेव्हा आमच्याच गटावर दोन दिवस हमरीतुमरी झाली आणि अखेर ती एका वाक्याने थांबली: देशात ५जी ची चाचणी अजून कुठेही सुरूच झालेली नाही, असा दूरसंचार विभागाचा खुलासा कोणीतरी टाकला. तो टाकणाऱ्याने कोणाला उद्देशून एक शब्दही लिहिलेला नव्हता.

गटाचे ॲडमिन या बाबतीत बरेच काही करू शकतात. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानेच २०२१ साली दिला आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र कायद्याने मोकळे सोडले याचा अर्थ ॲडमिनने भांडण बघत बसावे असा होत नाही. आमचा ॲडमिन त्या रात्री जागा होता, सगळे वाचत होता. "आधी ताऱ्यांचे उत्तर द्या" एवढे चार शब्द त्याने लिहिले असते, तर आमचा मित्र कदाचित गटात राहिला असता.

मी माझी माफी गटावरच मागितली, कारण अपमान गटावर केला होता. त्यानंतर आणखी तिघांनी मागितली. तो मात्र परत आलेला नाही आणि मी त्याला तसा आग्रहही करत नाही.

आपल्याला माझी विनंती आहे ती आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरापुरती. एखाद्या पत्राचा प्रतिवाद छापताना, मूळ लेखकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडण्याची अट प्रतिवाद करणाऱ्याला घालावी, आणि लेखकाच्या शिक्षणावर, व्यवसायावर वा पक्षावर घसरणारा मजकूर निःसंकोच कापावा. ही अट माझ्या पत्रालाही लागू करावी. त्यासोबत आठवड्यातून एकदा वाचकांच्या अशा शंका, विचारणाऱ्याचे नाव न देता, छापून शहरातल्या जाणकारांकडून त्यांची उत्तरे मिळवावीत. रमण विज्ञान केंद्र, नीरी, व्हीएनआयटी आणि विद्यापीठ असलेल्या या शहरात उत्तर देणाऱ्यांची वाण पडू नये. पहिली शंका झेंड्याची घ्यावी. वरच्या कडेला आडवी दांडी असल्याने तो ताठ राहिला, आणि हवाच नसल्याने काठी हलवल्यावर कापड अधिक वेळ डोलत राहिले, हे मी त्याला तोंडी सांगितले आहे; पण ते दाखवायला निर्वात पात्र लागते आणि ते गच्चीवर नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी प्रयोग करून त्याची छायाचित्रे आपल्याकडे पाठवावीत. माझा मित्र आपले वृत्तपत्र रोज वाचतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर