समावेशनाची किल्ली सुपरवायझरकाकांकडे असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या पुरवणीतला कामाच्या ठिकाणची विविधता, समता आणि समावेशन या विषयावरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा हाताला काही लागलं नाही. भाषा छान गुळगुळीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत जो फोटो छापलाय त्यातली व्हीलचेअर हॉस्पिटलातली आहे हो, जाड हातांची, वॉर्डबॉयने मागून ढकलायची, रोज नोकरीला जाणारं माणूस असल्या खुर्चीत दिवस काढत नाही. आणि ती बाई लॅपटॉपकडे बघून इतकी गोड हसतेय की तिच्या ऑफिसात टॉयलेटची सोय नक्कीच चांगली असणार.

मी टॉयलेटबद्दलच लिहिणार आहे, ज्यांना नको वाटत असेल त्यांनी शेजारचं पत्र वाचावं.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, म्हणजे गुडघ्याला लॉक होणारा आधाराचा सांगाडा, हातात कुबडी. २००८ पासून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्याकडे लेडीज टॉयलेट अर्ध्या मजल्यावर आहे, सात पायऱ्या, आणि आत इंडियन. कॅलिपर लॉक केलेल्या पायाने इंडियनवर कसं बसायचं हे लेखिकेने एकदा करून बघावं, पाय नीट असले तरी चालेल, नुसती एक लाकडी पट्टी गुडघ्याला बांधून बघावं. त्यामुळे सकाळी अर्धा कप चहा आणि मग पाणी थेट संध्याकाळी सात वाजता घरी, असं मी अकरा वर्षं केलं. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, डॉक्टर म्हणाले रोज तीन लिटर पाणी प्या. मी म्हटलं पिते की, रविवारी.

२०१९ ला बिल्डिंगचं रिनोव्हेशन झालं आणि तळमजल्यावर दिव्यांगांसाठी टॉयलेट बांधलं गेलं. खरं सांगते, मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. रुंद दार, कमोड, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, सगळं अगदी नियमाप्रमाणे. पंधरा दिवसांत त्याला कुलूप लागलं. का, तर म्हणे बाहेरचे ड्रायव्हर वापरतात आणि घाण करतात. (ड्रायव्हर लोकांनी कुठे जायचं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, मलाही नाही, आत्ता लिहिताना पडला.) मग कुलूपबंद जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून त्यात पाण्याचे वीस लिटरवाले जार आले, मग बंद पडलेले तीन सीपीयू, मग गणपतीचं मखर. मखर थर्माकोलचं आहे. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण ते दिव्यांग टॉयलेटमध्ये सुरक्षित आहे, तिथे कोण बघायला येतंय.

किल्ली हाउसकीपिंगच्या सुपरवायझरकाकांच्या जुडग्यात. काका माणूस म्हणून चांगले आहेत. पण ते जेवायला गेले, बँकेत गेले, वर टेरेसवर टाकी बघायला गेले की मी आपली पॅसेजमध्ये कुबडीवर उभी. मग ते येणार, जार बाहेर काढणार, बादली बाजूला करणार, आणि तोवर सगळं तळमजल्याचं ऑफिस बघणार की मॅडम कशाला उभ्या आहेत. एकदा अगदीच राहवेना तेव्हा मी जरा आवाज चढवला तर म्हणाले, "मॅडम, अर्धा तास आधी मिस कॉल द्यायचा ना."

तर आपल्या लेखात जे लिहिलंय की समावेशन म्हणजे मानसिकतेतला बदल, त्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की मानसिकता सावकाश बदला, घाई नाही, आधी ती किल्ली दाराशेजारी खिळ्याला अडकवा.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसले तो सांगते. यंदा मार्चमध्ये, ऐन इयर एंडिंगमध्ये, आमच्या एका मोठ्या क्लायंटचं ऑडिट होतं, हिशेबाचं नाही, हे नवीन प्रकारचं, तुमच्याकडे विविधता किती, समावेशन किती वगैरे. आदल्या दिवशी जार गेले, सीपीयू गेले, मखर कुठे गेलं देव जाणे. फिनाइलचा वास, नवा आरसा, दारावर निळं व्हीलचेअरचं स्टिकर, आणि कुलूप नाही! त्या दिवशी मी चार वेळा गेले. दोनदा गरज नव्हती, हौस म्हणून गेले. दुपारी एचआरवाले मला बोलवायला आले, ऑडिटरबाईंना भेटा, आणि त्या दाराजवळ आमचा फोटो काढला. मीही हसले फोटोत, अगदी आपल्या त्या लॅपटॉपवाल्या बाईसारखी. सोमवारी आले तर कुलूप जागच्या जागी आणि जार आत.

ऑडिटमध्ये आम्हाला चांगले मार्क मिळाले असं मेलवर कळलं.

कायदा मला सांगू नका, तो मी वाचलाय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, अपंगत्वाचे २१ प्रकार, आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचं धोरण करायचं, त्यात सोयी काय देणार ते लिहायचं, संपर्क अधिकारी नेमायचा. आमच्याकडे धोरण आहे, रिसेप्शनला फ्रेम करून लावलंय. त्यात संपर्क अधिकारी म्हणून जिचं नाव आहे ती एचआरमधली पोरगी गेल्या वर्षी जूनमध्येच नोकरी सोडून बंगलोरला गेली. दिव्यांगांचं आयुक्तालय पुण्यात आहे, तक्रार करता येते, हेही माहितीये. पण तक्रार केली की दुसऱ्या दिवशी त्याच पॅसेजमधून त्याच काकांना किल्ली मागायची असते ना. अहो, दिव्यांगांना प्रोफेशनल टॅक्स माफ असतो, तरी मी अकाउंट्सला असून माझेच दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० दोन वर्षं कापले जात होते, कारण सर्टिफिकेट द्यायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, नवीन होते, लाजले.

मालकांना शिव्या घालणं सोपं आहे म्हणून हेही लिहिते. मी लागले तेव्हा अकाउंट्स दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. थोरले शेठ मला जिना चढताना एकदाच दिसले, काही बोलले नाहीत, पुढच्या शनिवारी चार हमाल लावून पूर्ण अकाउंट्स खाली आणलं, कपाटं, फाइली, देव्हाऱ्यासकट. पॉलिसी नव्हती, क्विझ नव्हती, कुणी फोटो काढला नाही. टॉयलेटचं मात्र त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि मी बाई माणूस, त्यांना कसं सांगणार. आता धाकटे शेठ सगळं बघतात. त्यांनी ऑनलाइन ट्रेनिंग आणलंय, चाळीस मिनिटांचं, शेवटी दहा प्रश्न, मला दहापैकी सात मिळाले. काकांना दहा.

दर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, मला गुलाब मिळतं आणि दोन शब्द बोलायला लावतात, काहीतरी मोटिव्हेशनल. मी जीएसटीच्या शेवटच्या तारखेला रात्री नऊपर्यंत बसते त्याबद्दल गुलाब दिलं तर चालेल.

आता आपल्याकडे वळते, राग मानू नये. दहावीचा निकाल लागला की आपल्या पहिल्या पानावर "अपंगत्वावर मात करून ८९ टक्के" असा मथळा ठरलेला. त्या मुलाने मात गणितावर केलेली असते, पाय होता तसाच आहे. त्याच्या शाळेत रॅम्प होता का, पेपर कितव्या मजल्यावर होता, लेखनिक वेळेवर मिळाला का, हे आपला वार्ताहर विचारत नाही, आईच्या डोळ्यातलं पाणी मात्र नेमकं टिपतो. आपल्या ठाणे कार्यालयात मी छोटी जाहिरात द्यायला आले होते, पहिला मजला, लिफ्ट बंद. वॉचमन भला होता, तो फॉर्म खाली घेऊन आला आणि मी त्याच्या स्टुलावर बसून भरला.

आपली नियमित वाचक,
ठाणे (नाव छापू नये, का ते वर आलंच आहे)

ता. क. लेखातली ती चौकट पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरात छापलीय, चष्मा लावूनही वाचता आली नाही, त्यात काही महत्त्वाचं असेल तर कृपया काळ्या शाईत पुन्हा छापावं. आणि शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सलग दुसऱ्या आठवड्यात आलेलं नाही.