‘कोणत्याही ट्रॅक्टरला बसेल’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींत जुन्या अवजारांचा रकाना असतो. गेले आठ महिने मी आधी तो वाचतो आणि अग्रलेख मागाहून, याबद्दल क्षमस्व. ट्रॅक्टरच्या मागं लावायच्या बॅकहोची, म्हणजे आमच्याकडं ज्याला मिनी जेसीबी म्हणतात त्याची जाहिरात आली, की तिच्यात एक वाक्य ठरलेलं: ‘सुस्थितीत. कोणत्याही ट्रॅक्टरला बसेल.’ या एका वाक्यामागं मी तीन जिल्हे पालथे घातले, म्हणून हे पत्र.

माझ्याकडं 2006 साली घेतलेला साडेअठरा हॉर्सपॉवरचा मित्सुबिशी शक्ती ट्रॅक्टर आहे. द्राक्षबाग दोन एकर, जमीन काळी, ओळींत अंतर नऊ फूट आणि डोक्यावर मांडव. मोठा जेसीबी बांधापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. 2019 च्या अवकाळीत बागेत पाणी तुंबलं, मुळ्या गुदमरल्या, तेव्हापासून ओळींच्या टोकांना चर काढायचं मनात आहे. खोदायला माणूस मिळत नाही. नवा बॅकहो घ्यायचा तर ट्रॅक्टरच्या आजच्या किमतीपेक्षा तोच महाग पडतो. म्हणून जुन्याचा शोध.

पहिला पाहिला इंदापूरकडं. मालक फोनवर म्हणाला, वजन चारशे किलो असेल. मी म्हटलं, काट्यावर घालू. त्याला ते आवडलं नाही, पण पिकअपचं भाडं मी देतो म्हटल्यावर तयार झाला. भरलं 640 किलो. माझ्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागं अवजार उचलणारी यंत्रणा, 500 किलोची, तीही ओझं तिच्या दांड्यांच्या (लिंकच्या) टोकाशी असेल तर. बॅकहोचं ओझं त्याच्याही मागं लोंबतं. घरी नेऊन जोडला असता तर पुढची चाकं हवेत आणि स्टिअरिंग नावापुरतं.

सोबत मिरजेचा ओळखीचा फिटर होता. त्यानं बॅकहो चालवणारा तेलाचा पंप पाहून अंदाज धरला: मिनिटाला 45 लिटर तेल, दाब 160 बार. मग माझ्याच डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लिटर गुणिले बार, भागिले 600, की किलोवॅट येतात. आले 12, म्हणजे सोळा हॉर्सपॉवर. पंपात आणि पाइपांत वाया जाते ती धरली तर एकोणीसच्या घरात. माझं अख्खं इंजिन साडेअठराचं, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, येते ती त्याहून कमी. पीटीओवर वेगळा पंप आहे, मग काय अडचण, असं मालक परत परत सांगत होता. पंप वेगळा असला तरी इंजिन तेच असतं ना!

दुसरा निफाडकडं. रंग ताजा, अगदी दसऱ्याच्या ट्रॅक्टरसारखा. ताज्या रंगाची मला भीतीच वाटते. बूमच्या, म्हणजे बॅकहोच्या मुख्य हाताच्या, बुडाशी जिथं तो डावी-उजवीकडं वळतो, तिथं कानसीनं रंग खरवडला तर वेल्डिंगवर वेल्डिंग. बकेट हातानं हलवली तर बोटभर खेळ, म्हणजे सांध्यातले पिन आणि बुश दोन्ही संपलेले. मग बूम उचलून इंजिन बंद केलं, खाली वीट ठेवली आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत बूम विटेवर टेकला होता. तेल कुठंतरी आतून मागं जात होतं, जॅकच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून.

तिसरा जतजवळ, यंत्र खरंच चांगलं होतं. पण नुसता थ्री पॉइंटला, म्हणजे लिफ्टच्या तीन दांड्यांना, अडकवलेला. लिफ्ट तेलाच्या जोरानं वर उचलते, खाली मात्र फक्त वजनानं येते. खाली दाबून धरणारं तिथं काहीच नसतं. ट्रायलला बकेट मुरमात रुतली, चालवणाऱ्यानं ओढलं आणि माती यायच्या ऐवजी अख्खा बॅकहो उठून ट्रॅक्टरच्या अंगावर आला. पोरगं चपळ, उडी मारून बाजूला झालं. सीट मागून चेपली. मालक म्हणाला, ‘असं कधी होत नाही.’ हे टळायचं तर पुढं चासीपर्यंत जाणारी लोखंडी फ्रेम लागते, खोदण्याचा झटका तिनं झेलायचा. नाहीतर तो सगळा टॉप लिंकवरून, म्हणजे वरच्या दांड्यावरून, मागच्या हाउसिंगवर (गिअरच्या पेटीवर) येतो, आणि जुन्या ट्रॅक्टरचं ते बिडाचं हाउसिंग तडकलं की ट्रॅक्टर भंगारात. अशी फ्रेम प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. म्हणजे ‘कोणत्याही ट्रॅक्टरला’ बसणारा बॅकहो हा बहुतेक वेळा फ्रेम नसलेलाच असतो.

विकणारे सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. निम्म्यांनी स्वतःच तसाच विकत घेतलेला असतो. गावातल्या वर्कशॉपात बनलेल्या यंत्रावर ना वजनाचा पत्रा, ना दाबाचा आकडा. नव्या अवजाराला अनुदान हवं तर चाचणीचा दाखला लागतो. जुनं मात्र हातोहात फिरत राहतं.

आपल्याला विनंती एवढीच. जुन्या कार-मोटरसायकलींच्या जाहिरातींत आपण मॉडेलचं वर्ष छापता, तसे बॅकहोच्या जाहिरातीत चार आकडे सक्तीचे करा: काट्यावरचं वजन, पंपाचे लिटर, दाब आणि आजवर किती हॉर्सपॉवरच्या कोणत्या ट्रॅक्टरला लावला होता. शिवाय फ्रेम आहे की नाही, हा एक शब्द. दोन ओळी वाढतील, त्यांचे पैसे मी विकणारा असतो तर खुशीनं दिले असते.

आणि कुणाकडं साडेतीनशे किलोच्या आतला, स्वतःचा पंप-टाकी असलेला, शक्तीची फ्रेम असलेला बॅकहो पडून असेल तर त्यानं जाहिरात जरूर द्यावी. एप्रिलच्या छाटणीआधी मिळाला तर बरं. वीट मी घेऊन येतो.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली