नाकाच्या स्वॅबसाठी अडून बसलेल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं. ती जिना चढते, मंडईत जाते. गुडघा ना कधी लाल झाला, ना सुजला. सर्जनना पेढे तेव्हाच दिले होते. तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज सगळ्यांसमोर मानते.

ऑपरेशनआधीच्या तपासणीत तुम्ही आईच्या नाकातला स्वॅब घ्यायला लावलात. दुखणं गुडघ्याचं आणि तपासणी नाकाची, हे मावशीला काही केल्या पटेना. ओपीडीत एवढी गर्दी असताना तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात असतो आणि काही त्रास देत नाही, पण तोच जखमेतून नव्या सांध्यावर पोहोचला तर तिथे चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर बांधतो, हे तुम्ही तिला समजावलंत. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात शरीराच्या पांढऱ्या पेशींचं फारसं चालत नाही. आतले जंतू सुस्त पडून राहतात, म्हणून वाढत्या जंतूंना मारणारी अँटिबायोटिक्सही तिथे अपुरी पडतात. मग बरेचदा बसवलेला सांधा काढावा लागतो, औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा ठेवावा लागतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा नवा सांधा. सत्तरीच्या बाईला हे सगळं सोसायचं!

स्वॅबमध्ये जंतू निघाला. पाच दिवस दोन्ही नाकपुड्यांत म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचं मलम, क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने अंघोळ, आणि गुडघ्याला घरी ब्लेड अजिबात लावायचं नाही, कारण बारीक कापल्या जागी जंतू वाढतात. तुम्ही आईच्या पायाची बोटं एकेक वेगळी करून मधली कातडी पाहिलीत, टाचेच्या भेगांवर बोट फिरवलंत. तिच्या पायांकडे इतकं निरखून आधी कुणी पाहिलं नव्हतं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी नऊच्या वर आलं, तेव्हा भावाची रजा मंजूर झालेली असूनही तुम्ही सरांशी बोलून तारीख पुढे ढकलायला लावलीत. साखर आटोक्यात आल्यावरच ऑपरेशन झालं. चीर देण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक गेलंय ना, हेही तुम्ही थिएटरच्या दारात विचारून घेतलंत.

नंतर मी या विषयावर वाचलं, तेव्हा तुमच्या हट्टाचं मोल कळलं. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले होते. नुसत्या त्वचेत पू धरायला हे जंतू लाखोंनी लागत. तिथे रेशमी टाका असला की शंभरेक पुरत. एका टाक्याने एवढा फरक, तर अख्ख्या सांध्याचं काय! इंग्लंडमध्ये राइटिंग्टनच्या हॉस्पिटलात सर्जन जॉन चार्नली यांनी थिएटरची हवा, अंगावरचे गाऊन अशी एकेक गोष्ट सुधारत खुब्याच्या ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आणला. एकच जादूचा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. माझ्या मते या कामाची खरी ताकद अशा एकेक करून लावलेल्या कड्यांतच आहे, आणि आमच्या बाबतीत त्यातल्या बऱ्याच कड्या तुम्ही स्वतः तपासल्यात.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही आईला बजावलं होतंत, की पायाला जखम, लघवीला जळजळ, दाढेला सूज, काहीही झालं तरी अंगावर काढायचं नाही, कारण रक्तातून जंतू सांध्यापर्यंत जातात. गेल्या महिन्यात तिची दाढ ठणकली. एरवी लवंग धरून आठवडा काढणारी बाई दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेली आणि खुर्चीत बसण्याआधी त्यांना म्हणाली, “माझ्या गुडघ्यात सांधा बसवलाय, आधी ते लिहून घ्या.” दाढ काढली, गुडघा ठणठणीत आहे. तुम्हाला हे नक्की कळवायला तिने सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी