विषय : सीडी५९-पीई अँटिबॉडीची निकामी वायल आणि त्यापायी वाया गेलेला रुग्णाचा नमुना

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग व गुणवत्ता विभाग

महोदय / महोदया,

धंतोलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवून यंत्राने ती चमक मोजण्याचा) विभाग सांभाळते. गेली सहा वर्षे आम्ही लाल पेशींच्या अँटिबॉडी तुमच्याकडूनच घेतो आणि आजवर तक्रारीची वेळ आली नव्हती. या वेळी मात्र नुसती बदली वायल पाठवून तुम्ही विषय संपवलात. तो माझ्या दृष्टीने संपलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नवतपा सुरू होता, पारा ४५च्या घरात. सीडी५९-पीईचा (सीडी५९ प्रथिनाला चिकटणारी, पीई हा चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी) तुमचा डबा शुक्रवारी निघाला, शनिवारी दुपारी वाडीच्या गोडाऊनला पोचला आणि आमच्या हाती सोमवारी दुपारी पडला. थर्माकोलचा डबा उघडला तेव्हा तिन्ही जेल पॅक पाण्यासारखे लिबलिबीत झाले होते आणि वायलला हात लावला तर ती कोमट लागली. लेबलवर ठळक अक्षरांत २ ते ८ अंश लिहिलेले आहे. मी त्याच मिनिटाला फोटो काढून तुमच्या प्रतिनिधींना पाठवले. त्यांचे उत्तर आले, "मॅडम, दोन दिवसांनी काही होत नाही, वापरा."

आम्ही लगेच वापरली नाही. मंगळवारी सकाळी आधी आमच्याच एका तंत्रज्ञाच्या रक्तावर चालवली. निरोगी माणसाच्या लाल पेशींवर सीडी५९ भरपूर असते. ग्राफवर उजवीकडे एकच उंच, अरुंद शिखर यायला हवे. गेल्या लॉटचे तसे ग्राफ फाइलला लावलेले आहेत. या वेळी शिखर डावीकडे सरकून पसरट झाले होते आणि चमक निम्म्याहूनही कमी होती. यंत्राची शंका नको म्हणून बीड्स (ठरावीक चमकेचे सूक्ष्म मणी) चालवले, ते जागच्या जागी आले. त्याच ट्यूबमधली सीडी२३५ए-एफआयटीसी, म्हणजे ग्लायकोफोरिन एची अँटिबॉडी, तीही नेहमीसारखी आली. यंत्र, रक्त आणि हात तेच होते. बिघाड फक्त तुमच्या सीडी५९-पीईच्या वायलमध्ये होता.

ही तपासणी कशासाठी असते ते तुमच्या गुणवत्ता विभागाला ठाऊक असेलच, तरी तुमचे उत्तर वाचून पुन्हा सांगावेसे वाटते. पीएनएच या लाल पेशी फुटण्याच्या आजारात रक्ताच्या मूळ पेशीतल्या पिग-ए जनुकात बिघाड होतो आणि जीपीआयच्या नांगराने पेशीला अडकलेली प्रथिने पृष्ठभागावर पोचतच नाहीत. सीडी५९ त्यांतलेच. ते नसले की शरीराचीच, जंतू मारणारी पूरक प्रथिने लाल पेशी फोडतात. पेशीवर ते पूर्ण असेल तर टाइप १, थोडे असेल तर टाइप २, अजिबात नसेल तर टाइप ३. टाइप २ पेशी ३ ते ५ पट लवकर फुटतात, टाइप ३ तर १५ ते २५ पट. म्हणजे सगळी मदार चमक 'किती' आहे यावर. अँटिबॉडीच फिकी पडली तर निरोगी माणूस टाइप २ दिसतो आणि खरा टाइप २ कुठे सुरू होतो ते कळत नाही. आमच्या तंत्रज्ञाच्या बाबतीत नेमके हेच झाले. निरोगी रक्ताचा कंट्रोल न लावता थेट रुग्णाची ट्यूब चालवली असती, तर माझ्या सहीने चुकीचा रिपोर्ट गेला असता. या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि रुग्ण वाट पाहत होती. वडशाकडची पंचविशीतली मुलगी. आमच्या विदर्भात रक्त कमी आणि डोळे पिवळे दिसले की पहिली शंका सिकलसेलची येते, ती तपासणी निगेटिव्ह आली. कूम्ब्स (लाल पेशींवर शरीराच्याच अँटिबॉडी बसल्या आहेत का ते पाहणारी चाचणी) निगेटिव्ह. सकाळची लघवी काळसर लाल. हिमोग्लोबिन ५.१. तिच्या डॉक्टरांनी केवळ आमच्या नमुन्यासाठी रक्त चढवणे थांबवून ठेवले होते, कारण एकदा दात्याच्या पेशी मिसळल्या की लाल पेशींचा खरा आकडा मिळत नाही. मंगळवारी नमुना घेतला आणि बुधवारी तिला दोन पिशव्या रक्त दिले. पांढऱ्या पेशींची फ्लेअर (जीपीआयच्या नांगरालाच चिकटणारे चमकते द्रव्य) तपासणी आम्ही मंगळवारीच केली, त्यात पीएनएच निघाला; निदान अडले नाही हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण फ्लेअर लाल पेशींवर चालत नाही. तिथे सीडी५९च लागते.

ईडीटीएमधल्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यातल्या) लाल पेशी ४ अंशांवर आठवडाभर टिकतात. शहरात ओळखीच्या दोन ठिकाणी ही अँटिबॉडी उसनी मागून पाहिली, मिळाली नाही. मी तुम्हाला मंगळवारी संध्याकाळीच ग्राफसह मेल केला, त्यात हा आठवड्याचा हिशोबही लिहिला होता. तुमचे उत्तर चौथ्या दिवशी आले आणि वायल अकराव्या दिवशी. तोवर नमुना फेकावा लागला. उपचारापूर्वी या मुलीच्या किती लाल पेशी टाइप २ आणि किती टाइप ३ होत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुढे औषधाचा परिणाम मोजताना हाच आकडा लागला असता.

तुमच्या उत्तराबद्दलही बोलायला हवे. "लॉट पास आहे" म्हणून तुम्ही प्रमाणपत्र जोडलेत. ते मी नीट वाचले. त्यावरची चाचणी लिम्फोसाइटवर, म्हणजे पांढऱ्या पेशींवर, केलेली आहे आणि तीही माल निघण्यापूर्वी. आमचे काम लाल पेशींवर आहे आणि प्रश्न माल निघाल्यानंतरचा आहे. वर "टायट्रेशन तपासा" असा सल्ला. टायट्रेशन, म्हणजे अँटिबॉडी किती घालायची ते ठरवण्याची चाचणी, आम्ही प्रत्येक लॉटला करतो, त्याची नोंदही सोबत पाठवली होती. ती कोणी उघडून पाहिली असती तर हा सल्ला दिला नसता.

बिघाड उन्हाने झाला की लॉटच कच्चा होता, हे शोधून मला लेखी कळवा. हाच लॉट आणखी कोणाकडे गेला असेल तर त्यांना आजच सावध करा. प्रत्येक जण निरोगी कंट्रोल लावतोच असे नाही. यापुढे नागपूरचा माल शुक्रवारी काढू नका, आणि एप्रिल ते जून डब्यात तापमान नोंदवणारा लॉगर असल्याशिवाय आम्ही डबा स्वीकारणार नाही. लाल पेशींसाठी म्हणून जी अँटिबॉडी विकता, तिच्या प्रमाणपत्रावर लाल पेशींवरचा ग्राफ असायला हवा. नव्या वायलचे बिल आम्हाला लावले आहे, तेही रद्द करावे.

निकामी वायल फ्रिजमध्ये, अंधारात, सीलबंद ठेवली आहे. तपासायची असल्यास पंधरा दिवसांत तुमचा माणूस आइसबॉक्स घेऊन पाठवा. कुरिअरने मी ती देणार नाही. पुन्हा दोन दिवस गोडाऊनला पडली तर बिघाड कुठे झाला हे कधीच कळणार नाही.

आपली,
विभागप्रमुख, फ्लो सायटोमेट्री
धंतोली, नागपूर

सोबत : डब्याचे फोटो, दोन्ही लॉटचे ग्राफ, बीड्सची नोंद, टायट्रेशनची नोंद